आमेन मिस्टीनं म्हणायचं होतं

फुकटचं जेवण आणि कॅमेरा एका छपराखाली असले की आमचा आमदार डॅलस मलिन्स तिथे हजर. आमच्या पिजन लिक गावात केकची स्पर्धा असो, शाळेच्या बॅण्डची मिरवणूक असो, नाहीतर कुणाचं दफन, हा गडी पहिल्या रांगेत. माझ्या नवऱ्याच्या दफनालाही आला होता. शवपेटीजवळ उभं राहून मलाच म्हणाला, "आणि तुम्ही यांच्या कोण?" जनतेशी नाळ जुळलेला नेता म्हणे!

वसंतात अग्निशमन दलाचे बंब बाहेर काढून शेडमध्ये आमचं रॅम्पचं जेवण असतं. रॅम्प म्हणजे डोंगरातली रानलसूण. बटाट्यात परतून खाल्ली की सगळ्या गावाच्या तोंडाला वास. यंदा आमदार भाषणही ठोकणार होता. व्यसन सोडवायची औषधं देणारे जिल्ह्यातले दवाखाने बंद करायचं त्याचं विधेयक सोमवारी मतदानाला होतं. आमच्या गावात असा एकच दवाखाना, पेंडीच्या दुकानामागे. माझी भाची मिस्टी तिथे जायची.

मिस्टी वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना उचलता उचलता पाठ धरून बसली. डॉक्टरनं दुखण्यावर गोळ्या दिल्या आणि त्या गोळ्यांनीच तिला धरलं. गोळ्या मिळेनाशा झाल्यावर रस्त्यावर विकतात ती नशेची पूड आली. ब्रदर हॉबर्ट, म्हणजे आमचा पाद्री, त्याच्या मळ्यावर ती दोनदा राहून आली. तिथे औषध नाही. प्रार्थना करायची आणि त्याची खुराडी साफ करायची. दोन्ही वेळा घरी परतल्यावर पुन्हा पूड घेऊन ती मला न्हाणीघरात निळी पडलेली सापडली. मग दवाखान्यानं तिला जिभेखाली ठेवायची पातळ पट्टी दिली आणि पोरगी माणसांत आली. पण हे आम्ही दोघींनी लपवून ठेवलं होतं. आमच्याकडे औषध घेणाऱ्याला 'सुटला' म्हणत नाहीत. त्यानं नुसतं दुकान बदललं म्हणतात. हॉबर्ट तर गावभर सांगत फिरायचा, की मिस्टी त्याच्या मळ्यावर सुटली.

आमदारसाहेब आले ते पाहुण्यांची भूक मेल्यावर. मिस्टीची औषधाची वेळ टळत होती, म्हणून तिनं स्वयंपाकघरात माझ्या आडोशाला उभं राहून पट्टी जिभेखाली सरकवली. ती विरघळेपर्यंत बोलायचं नाही, गिळायचं नाही, नाहीतर औषध वाया जातं. तेवढ्यात हॉबर्ट आमदाराला घेऊन आत शिरला.

"हीच ती मिस्टी, साहेब!"

"अगं पोरी, तुझ्याबद्दल किती ऐकलंय!" त्यानं तिचा दंड धरला. "चल, दोन शब्द बोल."

मिस्टीनं नाही म्हणून मान हलवली आणि तोंडाकडे बोट केलं.

"लाजते बघा!" हॉबर्ट म्हणाला.

"अहो साहेब, थांबा जरा, तिला आत्ता नाही जमायचं," मी म्हटलं.

"ओपलबाई, तुम्ही बटाटे बघा." आणि ओढतच नेलं तिला. माझं नाव त्याला एव्हाना पाठ झालं होतं, तेही एप्रनवर लिहिलेलं म्हणून.

"ही मुलगी बघा!" तो मायक्रोफोनमध्ये ओरडला. "ना गोळी, ना पट्टी, ना दवाखाना! फक्त प्रभूच्या कृपेनं सुटली! सांग मिस्टी, कशी सुटलीस?"

मायक्रोफोन तिच्या तोंडापुढे. मिस्टीनं ओठ घट्ट मिटले, आणि घाबरून डोळेही.

"तिचं मन भरून आलंय," आमदाराचा आवाज जड झाला. "ती प्रार्थना करतेय. चला, आपणही माना खाली घालू."

झालं! टोप्या उतरल्या, माना खाली गेल्या. आता पंचाईत अशी, की जो प्रार्थना करतो त्यानंच आमेन म्हणायचं. त्याआधी मान वर करणारा बेशरम. मिस्टीची पट्टी सावकाश विरघळत होती आणि अख्खं पिजन लिक मान खाली घालून उभं होतं. आमदार एका डोळ्यानं हळूच कॅमेरेवाल्याकडे बघत होता.

"घेवडा निवतोय," म्हातारा गार्लंड पुटपुटला.

"गप रे, प्रार्थना चाललीय," त्याची बायको म्हणाली.

शेवटी मिस्टीनं डोळे उघडले.

"आमेन," ती म्हणाली. "जिभेखाली औषध होतं. ते असताना बोलता येत नाही. पेंडीच्या दुकानामागून आणते मी. मळ्यावर दोनदा गेले आणि दोनदा मरता मरता वाचले. साहेब सोमवारी तो दवाखाना बंद करणारेत."

हॉबर्टचा चेहरा पडला. "म्हणजे तू सुटलेली नाहीस?"

"जिवंत आहे, ब्रदर."

मला वाटलं आत्ताच तिला मिठीत घ्यावं, आणि जमलंच तर कढई त्या दोघांच्या डोक्यात घालावी.

"सोमवारी मत काय देणार, साहेब?" मिस्टीनं विचारलं.

"बाळ, हा गहन प्रश्न आहे. मी यावर प्रार्थना करीन."

"करा ना. इथेच करा. मोठ्यानं." तिनं मायक्रोफोन त्याच्या हातात कोंबला.

गाव सवयीचं गुलाम. पुन्हा टोप्या उतरल्या, पुन्हा माना खाली. आम्ही वाट बघत राहिलो. मायक्रोफोनमधून श्वास ऐकू आला, मग काहीच नाही. मग बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज.

"आमेन," गार्लंड म्हणाला. "पळाला भाडखाऊ."

लोक हसले. मीही हसले, आणि मूर्खासारखं मला वाटलं, की आपण जिंकलो.

सोमवारी राजधानीत त्याचं नाव पुकारलं, तेव्हा 'होय' म्हणायला त्याचा आवाज जरासुद्धा अडखळला नाही. दवाखाना बंद झाला. मिस्टीला चर्चच्या गायनवृंदातून काढलं, तेही प्रार्थना करूनच.

आता दर आठवड्याला मी तिला डोंगरापलीकडच्या, दुसऱ्या जिल्ह्यातल्या दवाखान्यात नेते. मागच्या सीटवर हॉबर्टची सून असते. पिजन लिकची पाटी मागे पडेपर्यंत ती कुणाला दिसू नये म्हणून मान गुडघ्यांत घालून बसते. परवा तिथून जाताना मिस्टी मागे वळून तिला म्हणाली, "चल, वर कर मान. आमेन."