शीग लावलेली करवंटी

माझी पणजी खाडीकाठच्या सांडोर गावी फर्डिनंडबाबांच्या वाडीत वाढली. आजी तिथून आलेल्या बियांतून इथे विठ्ठलदादांच्या पानवेलींत रुजली. आई याच ओळीत उभी राहिली आणि गेली. त्यांच्यानंतरची मी. मित्रांनो, मी एक जुनी शेवरी आहे. हसू नका, आमच्या जातीत पाच पावसाळे पाहिलेली ती म्हातारीच.

आजी इथे आली त्याची हकीकत आधी ऐका. त्या साली खोडकिड्याने विठ्ठलदादांच्या साऱ्या शेवऱ्या पोखरल्या. पानवेलीला आधार उरला नाही. तेव्हा फर्डिनंडबाबांच्या पत्नी कॅथरिनबाईंनी आपल्या घरचे बी करवंटीत शीग लावून दिले. शीग म्हणजे मापाच्या काठावर उंच चढवलेली रास. विठ्ठलदादांच्या पत्नी प्रेमलताबाईंनी ते करवंटीसकट पदरात घेतले आणि बजावले, "हे उसने. दान नव्हे." पुढे त्या परत करायला निघाल्या की कॅथरिनबाई म्हणत, आमच्याकडे पुष्कळ आहे, राहू दे. असे म्हणता म्हणता कॅथरिनबाई वारल्या आणि करवंटी प्रेमलताबाईंच्या फडताळातच राहिली.

आमचे बी गरम पाण्यात भिजवून ओळीने पेरतात. आम्ही कमरेएवढ्या झालो की पायाशी पानवेल लावतात आणि केळीच्या खोडाच्या वाळल्या सोपाने तिला आमच्या अंगाशी बांधतात. आम्ही तिला आधार देतो, विरळ सावली देतो. आमचा पाला शेळ्या आवडीने खातात. आमच्या मुळांवर बारीक गाठी असतात. त्यांतले सूक्ष्म जीव हवेतले नत्र धरून ठेवतात, म्हणून आमच्यामागे माती पूर्वीपेक्षा सकस राहते. पानवेलीचा मान म्हणून वाडीत सारे अनवाणी शिरतात. कौतुक मात्र पानांचे होते, माझ्याकडे कोणी मान वर करून पाहत नाही. असो. मला माझे मोल ठाऊक आहे.

सन १९८३ च्या मार्गशीर्षात माझी खरी परीक्षा झाली. सांडोरला कॅथरिनबाईंची सून रेजिना हिची विहीर खारी झाली होती. वेली मेल्या, केळी करपल्या. शेवऱ्या तिने शेंगा धरण्याआधीच सरपणासाठी तोडल्या, म्हणून बीही उरले नाही. दलाल जमीन मागत होता. नाताळनंतर उत्तर देते, असे तिने कळवले होते.

प्रेमलताबाईंनी तिला सांगितले, पावसात मीठ धुऊन जाते. शेवरी पेर, फुलण्याआधी मातीत गाड, वाडी परत उठेल. खाडीच्या वाऱ्यावर वाढलेला वंश आहे हा, खाऱ्या मातीत तग धरतो.

"मावशी, दान घेऊन वाडी करणार नाही मी," रेजिना म्हणाली.

"तुला दान देतंय कोण? शेंगा वाळू देत."

इतर शेवऱ्यांचे शेंडे सावली कमी करण्यासाठी खुडले होते. शेंगा होत्या त्या एकट्या माझ्या अंगावर, त्याही हिरव्या. आणि नेमके तेव्हाच आभाळ भरून आले. समुद्राकडून वारा सुटला. प्रेमलताबाईंचा मुलगा भालचंद्र कोयता घेऊन माझ्यापुढे उभा राहिला.

"आई, ही आतून पोकळ झालीय. पडली तर अख्खी ओळ घेऊन पडेल."

"शेंगा हिरव्या आहेत."

"बी बाजारात मिळेल की."

"बाजारातले बी बाजाराला परत करावे. माझे देणे सांडोरला आहे. वेल उतरव आणि दोरी आण."

त्याने माझ्या अंगावरची वेल सोडवून हलकेच जमिनीवर गुंडाळली. पडलेच तर एकटी पडावे म्हणून. मग काथ्याच्या दोरीने मला माडाशी बांधले. वारा वाढला तसा माडच डोलू लागला आणि दोरी सैल पडू लागली. भालचंद्राने कोयता टाकला आणि दोन्ही हातांनी दोरी धरली. जन्मभर मी दुसऱ्याला आधार दिला; त्या दुपारी मला आधार मिळाला. माझ्या पोटात काहीतरी करकरले. एक फांदी शेंगांसकट गेली. मी मात्र उभी राहिले.

ऊन पडले, शेंगा तपकिरी झाल्या. माझ्यासमोरच त्या सोलल्या. करवंटी काठोकाठ भरली, पण शीग काही चढेना.

"पुरे झालं, आई. तिला कुठे कळणार आहे?" भालचंद्र म्हणाला.

"मला कळते."

प्रेमलताबाईंनी ती मोडलेली फांदी ओढून आणवली. तिच्यावरच्या शेंगा अर्धकच्च्या वाळल्या होत्या. त्यांतले टपोरे दाणे निवडून एकेक वर ठेवले. रास चढली.

मित्रांनो, माझे काम संपले आहे. उद्या मला तोडतील, तोडावेच. एवढेच मागते, मला मुळासकट उपटू नका. बुंधा जमिनीलगत कापा आणि मुळे मातीत राहू द्या. त्यांत साठवलेले तुमच्याच पुढच्या ओळीसाठी आहे. आणि ज्याच्या आधाराने वाढलात, त्याच्याकडे एकदा तरी मान वर करून पाहा.

राहिले तेवढे सांगते. रास चढली त्या दिवशी रेजिनाला माझ्यापाशीच बोलावले होते. करवंटी पाहून ती मागे सरली.

"मावशी, मी म्हटलं होतं…"

"शीग बघ. तुझ्या सासूने दिली होती तेवढीच आहे. उसने आणले होते, आज फेडते."

रेजिना पुढे आली. मग म्हणाली, दलालाला सांगते, जमीन पेरायची आहे. आणि तिने पदर पसरला.

दाणा न दाणा ओतून झाल्यावर प्रेमलताबाईंनी रिकामी करवंटी माझ्या बुंध्याशी उपडी ठेवली.