हरणाच्या खांद्यातली हलकी गोळी

मी एक जुनी बंदुकीची गोळी आहे. घाबरू नका, मित्रांनो. माझ्यामागची दारू केव्हाच जळून गेली. आता मी बोथट, वाकडी, शेंगदाण्याएवढी उरले आहे. पण माझ्यात अजून काहीतरी धडधडतं. खोटं वाटत असेल तर कानाशी धरा. नको, आधी गोष्ट ऐका.

पोटात शिसं आणि अंगावर तांब्याचं पातळ कवच, असा माझा जन्म. अमेरिकेतल्या वायोमिंगच्या एका दरीकाठी ऑरिन आणि त्याची बायको डेल्फा राहत. गॅरेजमधल्या बाकावर बसून दोघं आपली काडतुसं स्वतः भरत. बाकावर दोन डबे असत. एकात जाडजूड गोळ्या, दुसऱ्यात आम्ही हलक्या. आम्हाला आमच्या वेगाची भारी घमेंड होती. शेजारच्या जाड्यांना आम्ही 'भोपळे' म्हणायचो.

त्या वर्षी हरणांच्या हंगामाआधी ऑरिनने हात घातला तो आमच्या डब्यात.

"त्या गोळ्या कोल्ह्यांसाठी आणल्यात," डेल्फा कॉफी ओतता ओतता म्हणाली.

"जड गोळी गाढवासारखी लाथ मारते गं. माझा खांदा बघ की जरा. आणि ही कशी सरळ जाते, सुतासारखी!"

"जाते ना, थोडा वेळ. मग दम संपतो आणि वारा नेईल तिकडे. थेट तुझ्या भावासारखी. सुरुवातीला तोफ, जेवण झालं की आडवा."

"जवळ जाऊन मारीन."

"तू? गुडघ्यांना विचारलंस का?"

तिचं खरं ठरलं. दरीच्या पलीकडच्या कड्यावर मोठ्या कानांचा एक नर दिसला, आणि ऑरिन खाली उतरलाच नाही. अलीकडूनच त्याने चाप ओढला.

काय सुटले मी! स्वतःचा आवाज मागे टाकला. पण दरीच्या मध्यावर वाऱ्याने माझी शेंडी धरली. वेग उतरला, वाट वाकडी झाली. जायचं होतं काळजात. अडकले पुढच्या खांद्याच्या हाडाशी. हरीण गुडघ्यावर आलं, उठलं, वळून ऑरिनकडे पाहिलं आणि गेलं.

त्या भागात एक रीत आहे. ज्याचं रक्त तू सांडलंस, ते हरीण तुझं. मिळो न मिळो, त्या वर्षी दुसऱ्यावर नेम धरायचा नाही. दोघं बर्फावरचे लाल थेंब शोधत गेले. मग वाऱ्याने बर्फ उडवला आणि थेंब बुजले. डेल्फाने ऑरिनच्या खिशातली वर्षाच्या परवान्याची चिठ्ठी काढली आणि चाकूने चिरली, म्हणजे त्या वर्षाची शिकार संपली. तो हिवाळा त्यांनी घेवड्याच्या दाण्यांवर काढला.

"तो सापडेपर्यंत मी दुसऱ्या हरणावर बंदूक उचलणार नाही," ऑरिन म्हणाला.

आणि मी? मी उबदार अंधारात होते. जखम माझ्यावरून मिटली. शेजारी काळीज, धड् धड्, धड् धड्. आधी झोप येईना. मग त्याच्याशिवाय झोप येईना. ऑरिनच्या घराकडून वारा आला की मी गार पडायची, आणि हरणाची मान आपोआप तिकडे वळायची. मी ओढत नव्हते. बरं, थोडीशी ओढत असेन.

दर हिवाळ्याच्या तोंडाशी तो नर त्याच कड्यावर येऊन उभा राही.

"तोच का?" डेल्फा विचारायची.

"लंगडतोय," ऑरिन दुर्बीण खाली ठेवायचा.

"मग मार आणि मोकळा हो."

"इतक्या लांबून? पुन्हा नाही."

एकदा ऑरिन दरी ओलांडून गेला. कड्यावर फक्त खुणा होत्या, तीन खुरांच्या. त्या कड्याच्या टोकापर्यंत जात होत्या. परत येत नव्हत्या, आणि खाली दरीतही काही पडलेलं नव्हतं. तिथून परतताना ऑरिन एकदाही मागे वळला नाही.

शेवटी एका धुक्याच्या सकाळी त्याने बंदुकीत जाड गोळी भरली आणि दुखऱ्या गुडघ्यांनी पुन्हा पलीकडे चढला. एका झुडपाला टेकून बसला. शोधलं नाही. बसून राहिला. धुक्यातून तो नर चालत आला, इतक्या जवळ की त्याच्या श्वासाने ऑरिनची दाढी ओली झाली.

"आलास?" ऑरिन पुटपुटला.

माझ्या शेजारचं काळीज अजिबात बिचकलं नाही. मग भोपळ्याचा एकच आवाज झाला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा शांतता.

गॅरेजमध्ये खांदा कापताना डेल्फाला मी सापडले.

"हात पुढे कर."

मी ऑरिनच्या तळव्यावर पडले.

"गरम आहे गं ही."

"मांसातून निघाली. गरम असणारच."

"डेल्फा, ही धडधडतेय."

टोमणा मारायला तिने तोंड उघडलं, मला बोट लावलं, आणि ते झटकन मागे घेतलं.

आता माझी जागा हलक्या गोळ्यांच्या डब्याच्या झाकणावर आहे. लांबच्या कड्यासाठी कुणी तिकडे हात नेला की मी वाजते. मित्रांनो, हलकं असणं वाईट नाही. जवळच्या कामाला मी उत्तम. पण जिथवर माझा जोर पोहोचत नाही, तिथे मला धाडू नका. चुकले तरी मला माघारी फिरता येत नाही; मी कुणाच्या तरी अंगात राहायला जाते.

संध्याकाळी ऑरिन मला कानाशी धरून बसतो. छातीशी धरायला डेल्फाने सक्त मनाई केली आहे. एकदा त्याने मला खिशात ठेवलं होतं, डावीकडे. तिने त्याच्या छातीला कान लावला आणि पांढरीफटक पडली. ठोके दोन ऐकू येत होते, मित्रांनो, आणि त्यातला एक लंगडत होता.