कृष्णाने न फोडलेली बरणी

डिसेंबर १९६२. पहाटेचे साडेपाच. रवळनाथाच्या देवळासमोर दोन माडांना दोर बांधून मला टांगण्यात आले. खाली दशावतारातला कृष्ण काठी घेऊन उभा होता. मला फोडायचे ठरले होते.

मी एक जुनी चिनी मातीची बरणी आहे, मित्रांनो. अंग पांढरे, त्यावर निळी चित्रे. एका बाजूला एक मुलगा आहे. त्याच्या पायाखाली पेटती चाके, हातात भाला, खांद्यावर मोठे कडे. दुसऱ्या बाजूला त्याचा बाप. अंगात चिलखत आणि तळहातावर लहानसा मनोरा. माझी भट्टी कोणत्या गावी होती ते मला माहीत नाही. तिची धग तेवढी आठवते.

तारकर्लीचा हरिश्चंद्र मालवाहू बोटीवर खलाशी होता. १९५३ साली त्याने मला पेनांग बंदरातल्या चिनी बाजारात घेतले, वळकटीत गुंडाळले आणि मुंबईहून आगबोटीने मालवणात उतरवले. "हो चिन्यांचो तिसरो राजपुत्र, नेझा," असे तो सगळ्यांना सांगत असे. तेव्हा लोक कौतुकाने बघत.

त्याच्या बायकोने, नर्मदेने, माझ्यात खारातले आंबे भरले. चांगली नऊ वर्षे मी ते काम केले. वाडीत कोणाला ताप आला की पेजेबरोबर तोंडी लावायला माझ्यातला आंबा जाई. "नर्मदे, तुझ्या बरणीतलो आंबो कधी सडाक नाय गो," असे शेजारणी म्हणत. ती शाबासकी मी माझीच समजत असे.

मग सीमेवर चीनशी लढाई झाली. बातम्या वाईट होत्या आणि लोक संतापले होते. आमच्याकडे जत्रेला रात्रभर दशावतार होतो आणि पहाटे कृष्ण दह्याची हंडी फोडतो. ही हंडी दर वर्षी एकेका घराने द्यायची असते. त्या वर्षी पाळी नर्मदेची होती. तिने कुंभाराकडून मडके आणून ठेवले होते. देवळाचे मानकरी भिकाजी तिच्या दारात आले.

"मडक्या नको, नर्मदे. ती चिनी बरणी दी. औंदा तीच फोडूया."

"ती माझ्या घोवान आणलेली आसा. आंबे भरलेले आसत तेच्यात."

"आंबे काढ. दुश्मनाचो राजपुत्र घरात ठेवन तू कोणाच्या बाजून आसस?"

हा प्रश्न वाडीभर पसरला. दुसऱ्या दिवशी विहिरीवर एक बाई मोठ्याने म्हणाली, "चिनीण इली गो, कळशे बाजूक घेवा!" सगळ्या हसल्या. नर्मदा पाणी न भरताच परतली. पाळी चुकवली तर घराचा देवळातला मान जाणार आणि बरणी दिली तर मी जाणार. तिने आंबे काढले, मला धुतले, पुसले आणि दिले.

हरिश्चंद्र जत्रेच्या आदल्या संध्याकाळी रजेवर घरी आला. त्याला सगळे तेव्हा कळले.

त्या पहाटे कृष्णाचे सोंग बाबलीने घेतले होते. त्याने काठी उचलली. तोच बायकांच्या गर्दीतून नर्मदा पुढे आली.

"बाबल्या, थांब रे!" मग ती नवऱ्याकडे वळली. "पेनांगच्या देवळातल्या म्हाताऱ्यान तुमका काय सांगितल्यान, ता सगळ्यांका सांगा. माका रात्री सांगितलात तसा."

हरिश्चंद्र गर्दीपुढे बोलणारा माणूस नव्हता. तो अडखळत म्हणाला, "म्हाताऱ्यान सांगितल्यान, हो राजपुत्र मुळात चिन्यांचो न्हयच. बुद्धाच्या साधूंवांगडा तुमच्याच देशातसून इलो. तेचो बापूस उत्तर दिशा राखता. यक्षांचो राजा तो."

बाबलीने उगारलेली काठी खाली घेतली.

दशावतारी नटाला लिहिलेली वाक्ये मिळत नाहीत. पुराणातली गोष्ट डोक्यात ठेवून तो उभ्या उभ्या बोलतो. बाबलीने मुकुट सावरला आणि देवाला शोभेल अशा शुद्ध मराठीत आवाज लावला.

"उत्तर दिशेचा राखणदार, यक्षांचा राजा, म्हणजे कुबेर! मग हा त्याचा पुत्र नलकूबर! नारदाच्या शापाने हा आणि याचा भाऊ गोकुळात झाड होऊन उभे होते. मी उखळ ओढत गेलो, ती झाडे पाडली आणि दोघांना सोडवले. भिकाजीराव, ज्याला मी सोडवले त्याच्याच डोक्यात आज काठी घालू?"

दशावतारात हसवायचे काम करणारा, काळ्या बुरख्यातला संकासुर मागून ओरडला, "अगे बाये माझे! कुबेराचो झील, आणि ही तेच्यात आंबे मुरयता!"

गर्दी हसली. भिकाजी हसले नाहीत. "पुरावो काय?" त्यांनी विचारले.

"पुरावो मागसून बगूया," बाबली आता साध्या मालवणीत म्हणाला. "पण फुटली तर परत जोडतलास तुमी?"

भिकाजींनी दोराकडे बोट दाखवले. "खाली काढा," ते म्हणाले.

"मडक्या आणलंय मी," नर्मदा म्हणाली. "पाळी माझी आसा. हंडी मीच देतंय."

कृष्णाने मडके फोडले. दही उडाले, पोरे नाचली. भिकाजींनी मला स्वतःच्या डोक्यावर घेतले आणि ढोल-ताशांसह नर्मदेच्या घरी पोचवले. विहिरीवर तिचे नाव बदलले. "कुबेराची सून इली, वाट देवा गो!" असे त्याच बाया म्हणू लागल्या. नर्मदेने मात्र आधी कळशी भरली आणि मग हसली.

पुरावा १९६६ साली आला. मालवणची नीरजा मुंबईत बौद्ध ग्रंथांचा अभ्यास करत होती. सुट्टीत ती आमच्या घरी आली आणि तिने मला उन्हात ठेवून दोन्ही बाजूंनी पाहिले. बाराशे वर्षांपूर्वीच्या चिनी भाषांतरांत नलकूबराचे नाव सापडते, असे तिने सांगितले. लांब नाव पुढे आखडत नेझा झाले. बाप म्हणजे वैश्रवण, अर्थात आपला कुबेर. त्याच्या हातातला मनोरा म्हणजे स्तूप. नंतर चिनी लोकांनी स्वतःच्याच एका खऱ्या सेनापतीला या बापाच्या जागी बसवले. भिकाजींनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "बरा झाला, खाली काढूक सांगितलंय ता."

मित्रांनो, घरातल्या जुन्या वस्तूवर राग काढण्याआधी ती कुठून आली, कोणाकोणाचा हात तिला लागला, एवढे विचारा. पुसायला मऊ फडके घ्या. राखेने माझ्यासारखीचे रंग जातात.

निघण्यापूर्वी नीरजाने नेझाची चिनी गोष्ट सांगितली. लहानपणी तो पाण्यात उतरला आणि समुद्रातल्या नागराजाच्या मुलाशी लढला.

"पाण्यातल्या नागाशी?" नर्मदा म्हणाली. "ता तर कृष्णान केल्यान! कालियाक दमवल्यान नाय?"

नीरजाने वही मिटली होती, ती पुन्हा उघडली. कृष्ण आणि नलकूबर एकाच गोष्टीत भेटतात. दोघांच्या गोष्टी बरोबरच चीनला गेल्या असतील आणि वाटेत एक झाल्या असतील, असे होऊ शकते, ती म्हणाली. पण आधार शोधावा लागेल.

आज १९६८ साल आहे. माझ्यात या हंगामाचे आंबे आहेत. नीरजा अजून शोधते आहे आणि आधार अजून सापडलेला नाही.