उजवं बोट, डावं बोट

साऱ्या शाळेत ज्यांचा दरारा, त्या गणिताच्या बाई इन्सुलिनची सुई हातात धरून अडल्या होत्या. समोर पलंगावर त्यांची आठ वर्षांची बारकी मलूल पडलेली, घामाने केस कपाळाला चिकटलेले. पोरीला मधुमेह आहे हे कळून अजून महिनाही झाला नव्हता.

सासूबाईंचा निरोप मिळताच बाई शाळेतून धावत आल्या होत्या. चपला काढायचंही भान नव्हतं. पोरीच्या उजव्या हाताच्या बोटातला रक्ताचा थेंब साखर मोजायच्या यंत्राला लावला: तीनशे बारा. इन्सुलिन भरून घेतलं, तरी खात्री असावी म्हणून डाव्या बोटाचा थेंब घेतला. चौसष्ट!

"काय म्हणतंय मेलं?" सासूबाईंनी दारातून विचारलं.

"दोन्ही म्हणतंय. साखर चढलीय आणि उतरलीयही."

डॉक्टरांचा फोन लागेना. परत उजवं: तीनशे पाच. परत डावं: एकसष्ट. तीनशे खरे असतील तर इन्सुलिन हवं, आणि साठ खरे असतील तर तेच इन्सुलिन पोरीचा जीव घेईल.

"अगं, काहीतरी कर ना! मोठा आकडा धर," सासूबाई रडकुंडीला आल्या.

"धर म्हणजे? भाजी निवडायचीय का?" बाई खेकसल्या, आणि त्यांनाच रडू फुटलं.

वर्गात फलन शिकवताना किती सोपं असायचं: प्रत्येकाला ठरलेलं एकच उत्तर! दोन पोरं एका बाकावर बसली तर खुशाल बसू देत, ते फलनच. पण एकच पोर एकाच वेळी दोन बाकांवर दिसलं, की ते फलन नव्हे, फुली मारा. इथे एकच पोर, एकाच घटकेला दोन आकडे. फुली मारणार कुठे, कपाळावर?

पण थांब. यंत्र बिघडलं असतं तर आकडे वाट्टेल तसे आले असते. इथे उजवं म्हणजे तीनशे, डावं म्हणजे साठ, आलटूनपालटून तेच. बोटागणिक उत्तर ठरलेलं आहे, म्हणजे फलन आहेच की! दोन्ही बोटं सारखीच, असं धरून बसल्या तिथेच त्या चुकल्या होत्या.

त्यांनी पोरीची उजवी मूठ उलगडली. तळवा चिकट होता, द्राक्षाचा वास येत होता. आधी हात धुवायचं घाईत साफ राहून गेलं होतं. साबणाने खसाखसा धुतला, कोरडा केला, पुन्हा थेंब घेतला: अठ्ठावन्न.

भरलेली सुई त्यांनी लांब भिरकावली. "आई, साखरेचं पाणी आणा, पळा!"

उशीखालून चिरडलेलं द्राक्ष निघालं.

"खाल्लं नाही मी," बारकी पुटपुटली. "हात थरथरायला लागले म्हणून घेतलं होतं. तुझी चाहूल लागली, मग मुठीत दाबून उशीखाली सरकवलं."

थरथरलं की लगेच गोड खायचं, हे डॉक्टरांनी तिला एकदा सांगितलं होतं. गोडाला हात लावलास तर बघ, हे आईने रोज.

बाईंनी चमचा तिच्या ओठांशी नेला. बारकीने दात घट्ट आवळून घेतले.

"पी ना गं राणी, मी सांगतेय ना!"

"मग रागावशील," ती दातांच्या फटीतून म्हणाली.