तौकीरभाईंचा यॉर्कर

शारजात शुक्रवारची नमाज आणि बिर्याणी आटोपली, की तौकीरभाई टीव्हीसमोर बैठक मारत. व्हिडिओ गेममधल्या क्रिकेटमध्ये घरात त्यांना कुणी हरवलेलं नव्हतं. त्या दिवशी त्यांचा धाकटा भाऊ शहरयार बोट कापून बसला होता, म्हणून कंट्रोलर त्याच्या बायकोने, सुम्बुलने घेतला.

"दुपारी प्रॅक्टिस करते म्हणे!" तौकीरभाई हसले. "बटणं तरी ठाऊक आहेत का?"

"डावी स्टिक दिशेला, हिरवं बटण जमिनीलगत, लाल उंच. टाका तुम्ही, भाईजान."

लाल बटण घाईने दाबल्यामुळे तिच्या तीन विकेट गेल्या खऱ्या, पण तिचा चेहरा काही उतरला नाही. एव्हाना एक गोष्ट तिने हेरली होती. अडचणीत आले, की तौकीरभाई यॉर्करच टाकत.

शेवटच्या षटकात अकरा धावा हव्या होत्या. चेंडू पडणार तिथलं वर्तुळ थेट फलंदाजाच्या पायाशी सरकलं. सुम्बुलने कंट्रोलरच्या वरच्या कडेचं बटण दाबून धरलं. फलंदाज क्रीज सोडून पुढे आला, यॉर्करचा फुलटॉस झाला आणि चेंडू गोलंदाजाच्या डोक्यावरून प्रेक्षकांत!

"अरे, हा पुढे कसा आला?" तौकीरभाई उठून उभे राहिले.

"मीच बोलावलं त्याला."

अम्मी सोफ्यावर खदखदून हसल्या. चिडलेल्या तौकीरभाईंनी बाउन्सर टाकला. सुम्बुल पुन्हा पुढे आलेली, फटका हुकला. पुढचाही बाउन्सरच. या वेळी ती मागे थांबली आणि स्टिक डावीकडे वळवून पुल मारला. चौकार.

आता एकच धाव. तौकीरभाईंनी सगळे क्षेत्ररक्षक जवळ आणले आणि संथ चेंडू सोडला.

"दाब! आत्ता दाब!" शहरयार ओरडला.

"गप्प बसा हो, मला बघू द्या."

चेंडूचा टप्पा पडेपर्यंत तिने बोट उचलूनच ठेवलं. मग लाल बटण, क्षेत्ररक्षकांच्या डोक्यावरून अलगद. लगेच धावेचं बटण. जिंकली!

अम्मींनी टाळ्या पिटल्या. तौकीरभाई हळूच सरकून तिच्या शेजारी येऊन बसले.

"ते पुढे यायचं बटण कुठलं गं?"

"इथे बोट ठेवा," सुम्बुल म्हणाली, "आणि भाईजान, जरा दमाने."