बायझंटाइनचं कुलूप

शाळेच्या पायरीवरून घसरून ज्योत्स्नाचा पाय मोडला, त्याला तीन आठवडे झाले होते. प्लास्टर निघायला आणखी तीन. धरणगावात अठरा वर्षं इतिहास शिकवलेल्या बाईला दिवसभर पलंगावर बसवेना. तिची चिडचिड बघून दोंडाईच्याहून भेटायला आलेल्या धाकट्या बहिणीने, कामिनीने, लॅपटॉपवर एक खेळ टाकून दिला. मध्ययुगातला युरोप, राजे, किल्ले, फौजा.

"ताई, तुझाच विषय आहे. खेळत बस," म्हणाली आणि गेली.

ज्योत्स्नाने नकाशा उघडला आणि थेट कॉन्स्टँटिनोपल राजधानी असलेल्या बायझंटाइन साम्राज्यावर बोट ठेवलं. आठवीच्या वर्गात दरवर्षी '१४५३ मध्ये तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकले' एवढं एक वाक्य सांगून तिला पुढे सरकावं लागायचं. एकदा तरी ते शहर वाचवावं, असं तिच्या मनात कितीदा तरी येऊन गेलं होतं.

पण तिथे कुलपाचं चित्र होतं. तिने कामिनीला फोन लावला.

"लॉक आहे ते," कामिनी म्हणाली. "सुरुवातीला पाचच राज्यं मिळतात. इंग्लंड घे, सोपं आहे."

"इंग्रजांचं राज्य मी चालवू?"

"मग व्हेनिस घे. आणि ऐक, ज्या राज्याला तू संपवशील, ते तुला खेळायला मिळतं."

"म्हणजे जे वाचवायचंय, तेच आधी बुडवू?"

"हो."

"हा कुठला न्याय गं?"

"खेळाचा. माझी बॅच आली, ठेवते." कामिनी कॉम्प्युटर क्लास चालवायची.

ज्योत्स्नाने व्हेनिस घेतलं. त्याच व्हेनिसवाल्यांनी एकदा कॉन्स्टँटिनोपल लुटलं होतं, हे तिला पाठ होतं. त्यामुळे ती आणखीच वैतागली.

पहिल्या लढाईत तिने साठ घोडेस्वार सरळ समोर सोडले. समोर भालेवाले उभे होते. मिनिटभरात साठही गेले. दुसऱ्या लढाईत तिच्या तिरंदाजांनी तिच्याच माणसांच्या पाठी फोडल्या. तिसरीत सेनापती पडला आणि उरलेली फौज मैदान सोडून पळाली.

"सेनापतीला पुढे कशाला ठेवलंस?" कामिनीने फोनवर विचारलं.

"मग काय मागे बसून जेवण वाढायला ठेवू?"

"ताई, खेळाच्या सुरुवातीला सराव असतो. तो केलास का?"

ज्योत्स्नाने तो सोडून दिला होता. मुलांना ती रोज सांगायची, प्रश्न नीट वाचा. तिने फोन ठेवला.

शेजारी धुरपदाबाई, तिच्या सासूबाई, मेथी निवडत होत्या. त्यांनी मान वाकवून पाहिलं.

"हाई काय शे? बठ्ठा मरी ग्यात का?"

"हो आई, सगळे."

"घोडा भालासवर कसाले धाडस तू? मांगून जाय ना."

"खेळ इतका सोपा नसतो, आई!" ज्योत्स्ना तडकून म्हणाली.

पण पुढच्या लढाईत तिने भालेवाले मधे रोवले, तिरंदाज एका बाजूच्या टेकाडावर चढवले, घोडे झाडीआडून लांबून फिरवले आणि शत्रूच्या पाठीवर घातले. शत्रू मोडला. ती ओरडलीच. सासूबाईंनी विचारलं, "काय व्हयनं?" तेव्हा म्हणाली, "काही नाही."

आठ दिवसांनी ती कॉन्स्टँटिनोपलच्या वेशीशी पोचली. दार फुटलं. चौकात सम्राट मूठभर माणसांनिशी उभा राहिला, पळाला नाही. ज्योत्स्नाचं बोट बटणावर बराच वेळ थांबलं. मग तिने दाबलं. 'नवीन राज्य खुलं झालं,' असं पडद्यावर आलं. तिने लॅपटॉप मिटला आणि त्या दिवशी पुन्हा उघडला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने बायझंटाइन घेतलं. जवळजवळ सगळी फौज तुर्कांच्या वाटेवर, पूर्वेला नेऊन ठेवली. पाचव्या फेरीत पाठीमागून, वायव्येकडून हंगेरी चालून आलं.

"यांचं काय मध्येच?" ती किंचाळली. तेवढ्यात कामिनीचा फोन आला.

"मग? मिळालं ना तुझं राज्य? खूश?"

"कसली खूश? भलतेच लोक आलेत अंगावर. ठेव फोन."

"मी सांगू का, आधी भालेवाले..."

"माहितीये मला! ठेव."

राखणीला उरलेली तोकडी फौज घेऊन ती वेशीबाहेर आली. संध्याकाळच्या चहापर्यंत लढाई चालली. अकरा घोडेस्वार उरले, सेनापती जिवंत राहिला आणि हंगेरी परत फिरलं. चहा केव्हाच निवला होता. तो एका घोटात संपवून ज्योत्स्नाने पुढची फेरी सुरू केली.