बागेत टाकलेला नांगर

मित्रांनो, या बेटाच्या किनाऱ्यावरच्या हॉटेलच्या फाटकाशी चार वाकड्या आकड्यांचा एक लोखंडी नग उभा आहे. त्याला पांढराशुभ्र रंग दिला आहे. येणारे-जाणारे त्याला टेकून फोटो काढतात. परवा एक बाई आपल्या मुलाला म्हणाल्या, की बघ, समुद्राची किती छान आठवण जपली आहे इथे. तो नग म्हणजे मी. मी एका होडीचा जुना नांगर आहे. माझ्यावर रंगाचे दोन हात बसले आहेत, म्हणून आतला गंज कुणाला दिसत नाही. आठवण मात्र माझ्यापाशी आहे, आणि ती छान नाही.

माझा जन्म बंदरामागच्या लोहाराच्या भट्टीत झाला. भंगारात निघालेल्या एका ट्रकच्या लोखंडातून त्याने मला घडवले. लोहार बोलका होता. मला विकताना तो गिऱ्हाइकाला म्हणाला, "घरजावई आहे हा. एकदा बसला की उठायचा नाही." गिऱ्हाईक हसले आणि मला खांद्यावर टाकून घेऊन गेले. तेव्हा मला फार अभिमान वाटला होता. लोखंडाला अक्कल उशिरा येते.

ते गिऱ्हाईक म्हणजे दादा. सगळे बेट त्याला दादाच म्हणायचे, कारण त्याची बहीण त्याला तशी हाक मारायची. आईवडील लवकर गेले, तेव्हा दादा सतरा वर्षांचा होता आणि बहीण नऊची. होडी दुरुस्त करायच्या शेडमागे दोन खोल्यांत दोघे राहत. त्यानेच तिला वाढवले, शाळेत घातले, रोज सकाळी तिची वेणीही घातली. वेणी वाकडी व्हायची. शाळेतून आली की ती थेट पाण्यात. म्हणून गल्लीने तिचे नाव पाणकोंबडी ठेवले. पाण्याखाली बघायचा, कुणीतरी टाकून दिलेला एक मास्क तिला सापडला होता. त्याचा पट्टा तुटलेला होता, तर तिने सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून बसवली आणि त्या मास्कवर सगळे बालपण काढले.

बेटाच्या मागच्या अंगाला एक शांत खाडी होती. तिथे चार पुरुष खोल पाण्यात पोवळ्यांची वस्ती होती. पाणकोंबडी तिला बाग म्हणायची. हरणाच्या शिंगांसारखी फांद्याफांद्यांची पोवळी होती, आणि मधोमध बैलगाडीएवढा एक गोल घुमट, अंगभर नागमोडी वळ्या असलेला. त्याच्या कुशीत सुपाएवढा एक शिंपला ओठ उघडून बसायचा. त्याचे ओठ निळे होते. पोपटमासे पोवळे कुरतडत, तो आवाज पाण्यातून मला वाळूवर पडल्यापडल्या ऐकू यायचा, कुणी चणे खात बसल्यासारखा. ओठ फाटलेली, सापासारखी लांब अशी एक म्हातारी वाम मासळी एकाच कपारीत राहायची आणि पाणकोंबडी दिसली की मान बाहेर काढायची.

बेटावर हॉटेले झाली, पाहुणे येऊ लागले. दादाने मासेमारी कमी केली आणि दोघे बहीणभाऊ पाहुण्यांना बाग दाखवायला नेऊ लागले. होडी तो हाकायचा, पाण्यात ती उतरायची. मास्क आतून थुंकी लावून कसा धुवायचा, नळीतून श्वास कसा घ्यायचा, पाय कसे हळू मारायचे, हे ती फळीवर बसून शिकवायची. तिचा एक नियम होता. बागेच्या बाहेर मोकळी वाळू होती, मला तिथेच सोडायचे. दादा दोर सोडायचा आणि ती खाली बुडी मारून मला हाताने नीट बसवायची. तिथून बाग शंभर-दीडशे हात लांब. पाहुण्यांनी तेवढे पोहत जायचे.

ती माझी सुखाची वर्षे. एकदा एक म्हातारे गृहस्थ आले होते. पाण्याला इतके घाबरत, की तासभर होडीची कड सोडेनात. पाणकोंबडीने त्यांचा हात धरला आणि त्यांना बागेवर नेऊन आणले. परत आल्यावर ते मास्क हातात धरून बसले. मग म्हणाले, "सत्तर वर्षं झाली मला. हे इथे आहे, हे कुणी सांगितलंच नाही." दादाने त्यांना टॉवेल दिला आणि दुसरीकडे बघू लागला. त्याचेही डोळे भरले होते. दादा वाईट माणूस होता असे समजू नका.

मग एका हंगामात पाणकोंबडीचा कान पिकला. डॉक्टरांनी दोन महिने पाण्यात जायला बंदी केली. दादा एकटाच पाहुण्यांना नेऊ लागला. एके दिवशी पाहुण्यांत एक जाडजूड गृहस्थ होते. त्यांनी सांगून टाकले, की एवढे पोहणे काही आपल्याला जमायचे नाही. दादाने होडी पुढे घेतली, अगदी बागेच्या डोक्यावर आणली आणि मला पाण्यात टाकले.

मी शिंगांच्या पोवळ्यांवर पडलो. काच फुटावी तसा आवाज झाला. मग होडी वाऱ्याने मागे सरकली, दोर ताणला गेला, आणि माझ्या आकड्यांनी मिळेल ते धरले. मी तेच करायला जन्मलो होतो. वर दादा खूश होऊन सांगत होता, की काय पकड आहे बघा, होडी तसूभर हलत नाही. पाहुणेही खूश होते. शिडीवरून उतरले की थेट बाग. दुसऱ्या दिवशीही मी तिथेच पडलो. आठवड्याभरात इतर होड्यांनी बघितले आणि त्यांचेही नांगर आले. मित्रांनो, शेतावर माझ्याच नावाचा एक भाऊ आहे. तो जिथून फिरतो तिथे पीक येते. मी जिथून फिरलो तिथे पांढरा चुरा उरला.

कान बरा झाल्यावर पाणकोंबडी पाण्यात उतरली. लगेच वर आली. होडीत बसून तिने मास्क काढला.

"दादा, नांगर बागेत टाकत होतास?"

"लोकांना पोहवत नाही गं. आणि दगडच आहे तो. दगडावर लोखंड पडलं तर काय होतं?"

"जिवंत आहे तो. वर्षाला नखाएवढा वाढतो. तू मोडलास तो आपल्या आजोबांच्या आधीचा होता."

दादा ओशाळला. आठ दिवस तो तिच्याशी मोकळेपणाने बोलला नाही. मग एक दिवस स्वतःच पत्र्याचे पिंप घेऊन आला. दोघांनी त्यात सिमेंट भरले, वर कडी बसवली, ते वाळूत बुडवले आणि त्याला दोराने पाण्यावर तरंगणारा एक रिकामा निळा कॅन बांधला. आता नांगर टाकायची गरजच नव्हती. होडी कॅनला बांधायची. तो हंगाम मी होडीच्या तळाशी कोरडा पडून काढला. इतका निवांत मी कधी नव्हतो.

पण पुढच्या हंगामात होड्या अकरा झाल्या आणि कॅन एकच. जो आधी येई तो बांधे, बाकीचे नांगर टाकत. दादाने चार दिवस दम धरला. पाचव्या दिवशी पाहुण्यांना उशीर होत होता, कॅनला दुसऱ्याची होडी होती, आणि त्याने मला उचलले. पाणकोंबडीने त्याचा हात धरला. त्याने तो सोडवला. भांडण झाले नाही. तेव्हापासून मी रोज पडायचो आणि ती रोज माझ्यामागोमाग बुडी मारायची. आधीच मेलेल्या पोवळ्यावर मला बसवायची, निघताना आकडे अलगद सोडवायची आणि दोराला दोन हिसके द्यायची. हिसके मिळाले की दादा मला वर ओढायचा. अख्ख्या बागेचे रक्षण ती अशी दोन हातांनी करत होती.

त्या दिवशी होडीत एका पाहुणीला उलट्या होऊ लागल्या. सगळे परत चला म्हणू लागले. पाणकोंबडी खाली होती. माझा एक आकडा घुमटाखालच्या कपारीत अडकला होता आणि तिचा उजवा हात त्या आकड्याभोवती होता. दोराला हिसके मिळाले नव्हते. तरी दादाने दोर खुंट्याला बांधला आणि इंजिन चालू केले.

मी घट्ट धरले होते, मित्रांनो. मी आणि घुमट, दोघांच्या मध्ये तिची बोटे होती. आधी घुमटाचा कडेचा भाग निखळला, मग मी सुटलो. त्या दिवशी माझा आकडाही वाकला. पाणी तांबडे झाले. ती वर आली तेव्हा दादा पांढराफटक पडला होता. त्याच्या तोंडून पहिले वाक्य निघाले, "दोर का नाही हलवलास?"

तिने हात टॉवेलमध्ये गुंडाळला. दवाखान्यात दोन बोटे काढून टाकली. दादा खाटेशी बसून ढसाढसा रडला. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तो होडी घेऊन गेला, कारण पाहुण्यांना शब्द दिला होता. बेटावर सगळ्यांना सांगितले गेले, की पाण्यातला अपघात होता. आपण हिसक्यांची वाट बघितली नाही, हे दादाने कुणाला सांगितले नाही. तिनेही नाही. ते तिघांनाच ठाऊक होते, आणि तिघांतला मी मुका.

त्यानंतर बागेत माझ्यामागून बुडी मारायला कुणी नव्हते. दोन वर्षांत घुमटावर राखाडी शेवाळ चढले. शिंपला एकदा मिटला तो उघडलाच नाही. पोपटमासे निघून गेले आणि खाडीतला तो आवाज थांबला. पाहुणे पाण्यातून डोके काढून विचारू लागले, की यात बघण्यासारखे काय आहे? मग होड्याही दुसरीकडे गेल्या. वाकलेला मी दादाच्या नजरेला नको होतो. त्याने मला शेडमागे टाकले. तिथून हॉटेलच्या माळ्याने मला उचलले, ठोकून सरळ केले, रंगवले आणि इथे उभे केले.

पाणकोंबडी याच हॉटेलच्या धुलाईखोलीत काम करते. आठ बोटांनी पाहुण्यांचे टॉवेल घडी घालते. रोज फाटकातून ये-जा करते, पण माझ्याकडे बघत नाही.

मागच्या आठवड्यात ती सुटायच्या वेळेला दादा फाटकाशी येऊन उभा राहिला. केस पिकले होते त्याचे. तिची पिशवी त्याने आपल्या हातात घेतली, तिच्या तब्येतीची चौकशी केली आणि मग मुद्द्यावर आला. हल्ली होडी चालत नाही. पाहुणे विचारतात, की आणखी कुठे मासे दिसतील?

"आई तुला लहानपणी कुठेकुठे न्यायची पोहायला. एखादी जागा आठवते का बघ ना."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "नाही दादा. होती ती एकच."

त्याने मान हलवली, पिशवी परत दिली आणि तो निघून गेला.

मित्रांनो, ती खोटे बोलली. आणखी एक जागा आहे. सुखाच्या वर्षांत, होडी बंद असायची त्या दिवशी, ती एकटी वल्ही मारत तिथे जायची. मला कडेवरच्या पोरासारखे धरून वाळूवर ठेवायची आणि दुपारभर पालथी तरंगत बघत राहायची. तिथे घुमट तीन आहेत. हाताला अपघात झाल्यानंतर ती तिथे एकदाही गेलेली नाही. जाऊन आली तर केस ओले दिसतील, कुणीतरी विचारील, आणि मागून होडी येईल. जिला लोक पाणकोंबडी म्हणत, तिचा पाय घोट्याच्या वर भिजलेला नाही, त्याला आता आठ वर्षे झाली.

तुम्ही चांगली मुले आहात. आम्ही नीट जपू, काही मोडणार नाही, असे तुम्ही म्हणाल, आणि तुमच्या मनात तसेच असेल. दादाही चांगलाच होता. म्हणून माझी तुम्हाला एकच विनंती आहे. फोटो हवे तेवढे काढा, पाठीवर बसायचे तर बसा, पण ती जागा कुठे आहे, हे मला विचारू नका.